देणं एकाचं, दान देवाला

शंका : माझं किराणा दुकान आहे. गळ्यात माळ आहे, एकादशी मोडत नाही. दिवाळीत उधारीच्या वह्या चाळताना लक्षात आलं, एका गिऱ्हाइकाकडून 840 रुपये दोनदा घेतले गेलेत. ते गृहस्थ गेल्या पावसाळ्यात वारले. घरच्यांना यातलं काही ठाऊक नाही. आता सांगायला गेलो तर गावात नाव जाईल. तेवढी रक्कम, वर थोडी भर घालून, देवळाच्या दानपेटीत टाकली तर दोष फिटेल का?

समाधान : नाही फिटणार. दान करायचं ते आपल्या पैशाचं. हे 840 तुमचे नाहीतच, मग त्यावर भर कसली घालता?

तुम्ही माळकरी, म्हणून देहूचंच बघू. 1630 च्या दुष्काळात तुकोबांचा व्यापार बसला आणि पुढे त्यांनी कर्जाची खतं इंद्रायणीत टाकली, हे कीर्तनात नेहमी ऐकतो. त्यातला एक तपशील मात्र बुवा घाईत सोडून देतात. धाकट्या भावाच्या, कान्होबांच्या वाट्याची निम्मी खतं तुकोबांनी आधी वेगळी काढून त्यांच्या हवाली केली. बुडवली ती स्वतःच्या वाट्याची. आपलं येणं सोडायचा हक्क त्यांना होता, भावाचं सोडायचा नव्हता. तुम्ही उलटं करताय. येणं आहे त्या घराचं आणि ते परस्पर देवाला देऊन मोकळे होताय.

नाथांनीही जनार्दनस्वामींकडे असताना हिशेबातल्या एका पैसाठी रात्र जागवली, असं सांगतात. चूक सापडली तेव्हा आनंदानं टाळी वाजवली. तुम्हाला सापडली, तर तुम्ही ती ठेवायला जागा शोधताय!

नावाचं म्हणाल, तर चार दिवस लोक बोलतीलही. दानपेटी बरी वाटते, कारण ती काही विचारत नाही. त्या घरातल्या बाई विचारतील, “आत्ता कसं आठवलं?” आणि तुम्हाला खाली मान घालून उत्तर द्यावं लागेल. माझ्या मते तुमची खरी एकादशी तीच.

जाताना वही बरोबर न्या. दोन्ही नोंदी दाखवा, पैसे त्यांच्यासमोर मोजा. “राहू द्या” म्हणाल्या तरी ठेवून या. आणि चांगला दिवस बघत बसू नका, आज दुकान बंद केलं की जा.