हाताची साक्ष

विजेवर चालणारे हत्यार विकत घेण्याआधी ते चालवून पाहावे, हा व्यवहार साधा वाटत असला तरी त्यात भारतीय ज्ञानमीमांसेतील, म्हणजे ज्ञान खरे कशावरून मानायचे याचा विचार करणाऱ्या शास्त्रातील, एक जुना वाद दडलेला आहे. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यानंतर भोसरी, पिंपरी, चिंचवड आणि पुढे चाकण या पट्ट्यात मोठ्या कारखान्यांच्या आधाराने फॅब्रिकेशनची जी लहान वर्कशॉप उभी राहिली, तेथे ग्राइंडर आणि ड्रिल मशीन ही रोजची हत्यारे आहेत. असे मशीन दुकानाच्या काउंटरवर पिन लावून फिरवून दाखवले जाते, तेव्हा प्रामाण्याचा, म्हणजे ज्ञानाच्या खरेपणाचा, प्रश्नच तेथे मांडला जात असतो.

सातव्या शतकातील कुमारिल भट्ट आणि त्यांची मीमांसा परंपरा स्वतःप्रामाण्य मानते. ज्ञान झाले की ते खरे धरावे, आणि त्याला खोटे पाडणारे दुसरे ज्ञान, ज्याला बाधक म्हणतात, उत्पन्न होईपर्यंत त्याविषयी शंका घेऊ नये, असे तिचे म्हणणे आहे. कंपनीच्या नावावर भरवसा ठेवून खोके न उघडता मशीन उचलणारा खरेदीदार असाच वागतो आणि पुष्कळदा त्याचे काही बिघडतही नाही. अडचण आहे ती बाधकाची. चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला सुमारे 11,000 फेरे घेते, म्हणजे तिची कड सेकंदाला जवळजवळ 58 मीटर, ताशी 200 किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असते. तिच्याविषयीचे बाधक ज्ञान मशीन उसळल्यावर किंवा चकती फुटल्यावर होते, आणि ते पैसे मोजणाऱ्याला न होता मशीन धरणाऱ्याला होते.

नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांनी, याउलट परतःप्रामाण्य स्वीकारले. ज्ञानाचा खरेपणा त्या ज्ञानातूनच कळत नाही, तर त्यानुसार केलेली कृती फळाला येते की नाही यावरून कळतो. दुरून दिसलेले पाणी हे पाणी होते की मृगजळ, हे तहान भागल्यावर ठरते. या मतावर घेतला जाणारा आक्षेप उघड आहे, तो असा की, कृतीनंतरच खरेपणा कळणार असेल तर आधी कृती कशाच्या आधारावर करायची? नवव्या-दहाव्या शतकातील वाचस्पती मिश्रांनी पुढे नेलेले उत्तर फार व्यवहारी आहे. फळ डोळ्यांसमोर असते आणि जोखीम थोडी असते तेथे संशय असतानाही माणूस कृतीला लागतो व तसे करणे योग्यच असते. पण फळ दूरचे आणि खर्च मोठा असेल तेथे आधी निश्चय हवा. चाचणी ही या दोहोंमधली पायरी आहे, कारण मोठी जोखीम पत्करण्यापूर्वी ती छोट्या जोखमीत संशय फेडून घेते.

मात्र काउंटरवर रिकामे फिरवलेले मशीन फारच थोडे सांगते. स्पिंडल हलतो का, कार्बन ब्रशजवळच्या फटींतून ठिणग्या दिसतात का, एवढे त्यातून कळू शकते. माइल्ड स्टीलची पट्टी शिकंज्यात धरून दोन-तीन मिनिटे खरोखर घासली, तरच लोड आल्यावर मोटरचा आवाज किती खाली जातो, थरथर मनगटात राहते की कोपरापर्यंत चढते, अंगठ्याने सरकवायचा स्विच जाड हातमोज्यातून सापडतो का, हे उमगते. न्यायशास्त्राने त्वचेला ज्ञानेंद्रिय मानले आहे, याचे महत्त्व पुस्तकात वाचून तितके पटत नाही जितके अशा वेळी पटते.

तरीही तीन मिनिटांवरून तीन वर्षांचा भरवसा कसा द्यायचा, हा प्रश्न उरतोच. न्यायसूत्रांत वेदाच्या प्रामाण्यासाठी मंत्र आणि आयुर्वेद यांचा दाखला दिलेला आहे. ज्या भागाचे फळ येथे तपासता येते तो खरा ठरला, तर त्याच आप्ताने सांगितलेल्या न तपासता येणाऱ्या भागावरही विश्वास ठेवता येतो, असा तो युक्तिवाद आहे. आप्त म्हणजे वस्तू स्वतः जाणणारा आणि जशी जाणली तशी सांगू इच्छिणारा. या युक्तिवादाने श्रद्धेला परीक्षेच्या नंतरची जागा दिली, आणि ती जागा योग्य आहे: जे तपासता येण्याजोगे होते ते न तपासता ठेवलेला विश्वास हा श्रद्धा नसून हलगर्जीपणा असतो, आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या बोटांनी चुकवली जाणार असेल तर तो दोषही असतो.

येथेच या व्यवहारातील सर्वांत दुर्लक्षित गोष्ट समोर येते. ठेकेदार मशीन चालवून पाहतो आणि हेल्पर ते दिवसभर वापरतो; पण प्रत्यक्ष ज्ञान ज्याच्या इंद्रियाला झाले त्याचेच असते, इतरांसाठी ते केवळ शब्द, म्हणजे ऐकीव साक्ष, होऊन राहते. ठेकेदाराच्या मनगटाला न जाणवलेली थरथर हेल्परच्या मनगटाला संध्याकाळपर्यंत जाणवत राहते. वात्स्यायनांनी न्यायसूत्रांवरील न्यायभाष्यात आप्ताचे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू होते असे म्हटले आहे. भारतीय विचारातील हे एक अत्यंत उदार विधान आहे, आणि ते मान्य केल्यास ग्राइंडरविषयी मराठवाड्यातून किंवा बिहारमधून आलेला, शाळा अर्धवट सुटलेला तरुण हा आप्त ठरतो, तर त्याला न विचारता बिल फाडणारा मालक ठरत नाही. खरेदीला त्याला सोबत नेणे हा उपकार नव्हे. ज्याला कळू शकते त्याला विचारणे आहे.

आश्विनातील खंडेनवमीला याच वर्कशॉपमध्ये हत्यारांची पूजा होते. त्या दिवशी मशीन सहसा चालवत नाहीत, म्हणून त्याची परीक्षाही होत नाही. पण पूजेआधी गार्डच्या आत साचलेली काळी पूड ब्रशने झाडावी लागते, कोठे सोलवटली आहे का म्हणून वायर बोटांखालून पुढे सरकवत पाहावी लागते, आणि मग हळदीकुंकू लावून बाजूच्या मुठीला झेंडूचे फूल बांधले जाते; हे सारे बहुतेक वेळा हेल्परच करतो.