कडी लावून बसण्याचा हक्क

"आता मला कोणी हाक मारू नका" असं माणसानं किती वेळ म्हणावं? यावर आपल्याकडे दोनच पंथ. एक, पूजेला बसून खुणेनं चहा मागणारा. दुसरा, पूजा अर्धवट टाकून टेलिफोनकडे धावणारा. संगणकाच्या पोटात मात्र याचं उत्तर तयार आहे, आणि मला ते धर्मशास्त्रापेक्षा जास्त पटतं.

त्याचं असं आहे. चालू कामाला स्मृतीतलं एखादं पान हवं असतं आणि ते जागेवर नसतं. (पानं गरजेपुरतीच जवळ ठेवायची ही युक्ती १९६२च्या मँचेस्टरच्या ॲटलास यंत्रापासूनची.) प्रोसेसर कर्नलला हाक मारतो. हा पेज फॉल्ट. फॉल्ट म्हणजे अपराध नव्हे, नुसती गैरहजेरी. इंटेलच्या घराण्यात हरवलेल्या पानाचा पत्ता सीआर२ नावाच्या एकुलत्या एका रजिस्टरात लिहिला जातो. तेवढ्यात घड्याळाचा इंटरप्ट आला, त्यानं दुसऱ्याच कामाला पुढे बसवलं आणि त्याचंही पान हरवलेलं निघालं, की पहिला पत्ता पुसलाच! म्हणून लिनक्सचा कर्नल पत्ता वाचेपर्यंत कडी लावतो. तेवढाच वेळ. पान डिस्कवरून यायला काही मिलिसेकंद लागतात; प्रोसेसरच्या हिशेबी तो अख्खा चातुर्मास. तेवढा वेळ जगाला ताटकळत ठेवायचं नाही.

खरी मेख पुढेच आहे. कडी सरसकट काढायची नाही. फॉल्टपूर्वी इंटरप्ट चालू होते का, ते आधी बघायचं. नसतील, तर त्या बिचाऱ्यानं काहीतरी नाजूक हातात धरलेलं असतं. आपण मदतीला आलो म्हणून त्याची कडी काढण्याचा अधिकार मिळत नाही. मदत करणाऱ्यांना नेमकं हेच उमगत नाही. शेजारच्या काकू आजाऱ्याला पेज घेऊन येतात (ही तांदळाची) आणि जाताना दार सताड उघडं टाकतात.

आणि इंटरप्टची वर्दी घेणाराच पानासाठी अडला तर? कर्नल डिस्ककडे फिरकतसुद्धा नाही, सरळ नकार देतो. पानाची वाट पाहायची म्हणजे झोपायचं, आणि वर्दीवर असताना झोपायला बंदी आहे. नकाराची तजवीज आधीच केलेली नसेल तर सगळं यंत्रच बसतं. नियम निष्ठुर खरा. आमच्या इमारतीच्या रखवालदाराला मी तो रात्री साडेबाराला समजावून सांगितला. त्यानं शांतपणे ऐकून घेतला. फाटक उघडायला आधी तीन हाका माराव्या लागल्या होत्या, एवढंच.