सोडलेला बाण

गेल्या दिवाळीत आमच्या आळीतल्या एका पोराने बाटलीत बाण लावून पेटवला. तो वर जायचा सोडून तिरपा सुटला आणि शेजारच्या कडब्याच्या गंजीवर पडला. धावपळ करून गंजी विझवली. पोर रडवेले होऊन म्हणाले, "गुरुजी, मी तर आभाळाकडेच सोडला होता!"

त्याचे ते वाक्य काही केल्या मनातून जाईना.

संगणकांवर सोडायची शस्त्रे आता राष्ट्रांच्या भात्यांत आली आहेत. २७ जून २०१७ रोजी युक्रेनवर असेच एक सुटले. पुढे त्याला 'नॉटपेट्या' असे नाव पडले. तिकडचे व्यापारी ज्या प्रणालीवर हिशेब ठेवीत, तिच्या नेहमीच्या सुधारणेच्या आडून ते आत शिरले. कागदपत्रे कुलूपबंद करून ते खंडणी मागू लागले. पण ते सोंगच. पैसे भरूनही काही परत मिळण्याजोगे नव्हते. आणि ते युक्रेनात थांबले नाही. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीचा कारभार ठप्प झाला, आपल्या न्हावाशेवा बंदरातल्या तिच्या धक्क्याचे काम अडले, खुद्द रशियातल्या रोसनेफ्त या तेल कंपनीलाही झळ लागली. फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रिटन आणि अमेरिका यांनी रशियाच्या लष्कराकडे बोट दाखवले. रशियाने कानांवर हात ठेवले. गंमत अशी, की ज्या युक्तीने ते पसरले, तीतला एक भाग अमेरिकेच्याच गुप्त खात्यातून फुटलेला होता!

कोणी म्हणेल, बॉम्बपेक्षा हे बरे नव्हे काय? रक्त तर सांडत नाही. हे म्हणणे मला अगदीच टाकाऊ वाटत नाही. २०१० साली उघडकीस आलेल्या 'स्टक्सनेट'ने इराणात नतान्झ येथे युरेनियमची फिरती यंत्रे मोडली; तिथे बॉम्ब पडते तर माणसे मेली असती. पण नेमक्या यंत्रांसाठी घडवलेले तेही ठरल्या जागी राहिले नाही. पार भारतातल्या संगणकांतही सापडले.

अशा वेळी अश्वत्थामा आठवतो. त्याने गवताच्या काडीवर ब्रह्मास्त्र योजले. अर्जुनाने आपले अस्त्र मागे घेतले. अश्वत्थाम्याला ती विद्या नव्हती. मग ते अस्त्र कोठे गेले? ज्याने युद्ध पाहिलेही नव्हते, त्या उत्तरेच्या पोटातल्या गर्भावर. व्यासांनी दोघांच्या हाती तेच अस्त्र दिले. फरक ठेवला तो आवरण्याच्या शक्तीत. शस्त्र किती रक्त सांडते, एवढाच धर्माचा प्रश्न नाही. जे आवरता येत नाही ते सोडण्याचा अधिकार मुळात कोणाला आहे, हाही आहे.

आणि त्यापुढचा प्रश्न कबुलीचा. न्हावाशेव्याला ताटकळलेल्या ट्रकवाल्याने जाब कोणाला विचारायचा? ज्याने सोडले, तो "मी" म्हणत नाही.

आमच्या आळीतल्या त्या पोराने दुसऱ्या दिवशी आपणहून शेजाऱ्याकडे जाऊन जळका कडबा उपसू लागला. नेम त्याचाही चुकला होता; पण बाण आपला होता, हे त्याने नाकारले नाही. यंदा त्याच्या हाती फुलबाज्या दिल्या आहेत. मोठ्यांच्या हातून बाण कोण काढून घेणार?