डोळ्यांआड आणि ज्ञानाआड

न्यायालयात वीस वर्षे घालविल्यावर एक गोष्ट मनावर पक्की ठसते. मोठे नैतिक प्रश्न मोठ्या वस्तूंच्याच निमित्ताने उभे राहतात असे नाही. कधी कुंपणावरच्या एका माडावरून, तर कधी सामाईक विहिरीच्या एका पायरीवरून माणसाच्या सचोटीची परीक्षा होते. माझ्यापुरती ती गेल्या पावसाळ्यात हातभर तांब्याच्या तारेवरून झाली.

आजोबांनी १९५८ साली घेतलेली मॉरिस मायनर मोटार आमच्या घरी अजून चालू स्थितीत आहे. ॲलेक इसिगोनिस या अभियंत्याने रचलेली ही गाडी १९४८ साली इंग्लंडात प्रथम विक्रीस आली आणि दहा लाखांचा आकडा गाठणारी ती पहिली ब्रिटिश मोटार ठरली. तिचा डॅशबोर्ड अगदी साधा आहे: मधोमध एक मोठे गोल वेगमापक आणि दोन्ही बाजूंना किरकोळ सामान ठेवण्याचे कप्पे. त्या साधेपणातच तिचे सारे सौंदर्य आहे. आमच्या मातोश्रींची पंचाहत्तरी आता उलटली. मडगावहून अंत्रुज महालात कुलदेवतेच्या दर्शनाला त्या याच गाडीतून जातात. एकदा वाटेत त्या म्हणाल्या, "गाडीत थोडे गाणे लागले असते, तर वाट सरली असती." ही मागणी मोडणे मला शक्य नव्हते आणि डॅशबोर्डला छिद्र पाडणे मला मानवत नव्हते.

आमच्या मेस्तांनी तोडगा काढला. "वकीलबाब, रेडिओ कप्प्याच्या मागे बसवतो. बाहेरून दिसणार म्हणून नाही. आवाज तेवढा ऐकू येईल, पण तो येतो कुठून हे कोणाला कळायचे नाही." मी तत्काळ होकार दिला, आणि त्याच रात्री त्यांचे शेवटचे वाक्य मनाला टोचू लागले. कोणाला कळायचे नाही, हे चांगले की वाईट?

मोटारीतील रेडिओ ही काही नवी चैन नव्हे. पॉल गॅल्व्हिन यांच्या कारखान्याने १९३० साली अमेरिकेत मोटारीचा रेडिओ 'मोटोरोला' या नावाने बाजारात आणला. पुढे त्या कंपनीनेच ते नाव धारण केले. परंतु जुन्या गाडीत आजचा रेडिओ बसविणे म्हणजे दोन भिन्न कुळांची सोयरीक जुळविणे होय. आजच्या मोटारीत बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या पोलादी अंगाला जोडलेले असते. आमच्या मॉरिसमध्ये धन टोक जोडलेले आहे. आजच्या रेडिओची धातूची पेटी ऋण टोकाशी जोडलेली असते. ती तशीच गाडीच्या अंगाला टेकवून जोडणी केली, तर बॅटरीची दोन्ही टोके एकमेकांस मिळून ठिणगी उडालीच म्हणून समजावे. यावर दोन उपाय आहेत. एक, साऱ्या गाडीची जोडणी उलटी करावी. दुसरा, मध्ये एक कन्व्हर्टर घालून रेडिओचा प्रवाह गाडीच्या प्रवाहापासून पूर्णपणे वेगळा राखावा. आम्ही दुसरा पत्करला. पाहुण्याच्या सोयीसाठी यजमानाने आपला कुळाचार का बदलावा?

आठ दिवसांनी मेस्तांनी मला दुकानात बोलावून घेतले. कप्पा बाहेर काढून त्यांनी विजेरीचा झोत आत टाकला. तेथे एक जुनी तार लोंबत होती. मॉरिसच्या साऱ्या विद्युत्-मंडळात फ्यूज अवघे दोन, तेही पस्तीस अँपिअरचे; दिव्यांच्या तारांना तर फ्यूजच नाही. ही तार त्या दोन फ्यूजांच्याही अलीकडून, थेट बॅटरीकडून येणाऱ्या जाड तपकिरी तारेवरून घेतली होती. तिच्या टोकाला गुंडाळलेली कापडी पट्टी जीर्ण होऊन सुटली होती आणि उघडे तांबे पोलादापासून बोटभर अंतरावर होते. ते टेकते, तर तार क्षणात लाल होऊन भोवतालच्या साऱ्या तारा पेटल्या असत्या.

घरी येऊन मी मातोश्रींना विचारले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग हसल्या. माझ्या वडिलांनी तरुणपणी, लग्नाच्याही आधी, एक छोटा रेडिओ डॅशबोर्डाखाली दडवून बसविला होता. आजोबांची शिस्त कडक. देवळाच्या वाटेवर गाडीत स्तोत्राखेरीज दुसरा शब्द निघू नये, असा त्यांचा दंडक होता. आणि वडिलांना वेड होते रेडिओ सिलोनचे. त्या काळी रेडिओ बाळगण्यास टपाल कचेरीतून परवाना घ्यावा लागे. तो वडिलांनी घेतला होता की नाही, याविषयी मातोश्रींनी माझ्यासारख्या वकिलासमोर मौन पाळले! पुढे रेडिओ बिघडला, तो काढला, तार राहून गेली. आजोबांना अखेरपर्यंत काही कळले नाही. आता वडीलही नाहीत. त्या तारेवरून आजोबांनी कित्येक वर्षे गाडी चालविली; मला तान्हेपणी याच गाडीतून घरी आणले; आणि गेल्या महिन्यापर्यंत मातोश्री पुढच्या आसनावर तिच्यापासून हातभर अंतरावर बसत होत्या.

आता माझ्या प्रश्नाला धार आली. वडिलांनी दडविले आणि मीही दडवू पाहत होतो. दोहोंत फरक तो कोणता?

कायद्याचे उत्तर मला पाठ आहे. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या सतराव्या कलमानुसार फसविण्याच्या हेतूने एखादी वस्तुस्थिती जाणूनबुजून झाकणे ही लबाडी होय; केवळ मौन ही लबाडी नव्हे, मात्र बोलणे हे जेथे कर्तव्य असते तेथे मौनही लबाडीच ठरू शकते. जुन्या मोटारींसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये नियम केले. त्यांत पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासिस, बॉडी अथवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. कप्प्यामागच्या एका रेडिओने या अर्थी काही बिघडत नाही, असे माझे मत आहे. पण कायद्याने जे बिघडत नाही ते सारे नीतीनेही निभावते, असे कोणता प्रामाणिक वकील म्हणेल?

शुद्धतावादी मित्र म्हणतात, "जुन्या गाडीत नवा रेडिओ म्हणजे मुळात असत्यच. दिसो वा न दिसो." हे मला पटत नाही. या गाडीचे टायर कितीदा बदलले, बॅटऱ्या किती झाल्या, आसनांचे कापड किती वेळा नवे घातले, याची गणतीच नाही. जी वस्तू वापरात आहे ती बदलतच राहणार. जीर्णोद्धाराची परंपरा असलेल्या आपल्या समाजाला हे निराळे सांगावयास नको. दुसरे मित्र म्हणतात, "गाडी तुमची, तार तुमची. कोणाला सांगण्याचे कारणच काय?" हेही मला पटत नाही, कारण गाडी माझी असली तरी तिच्यात बसणारा जीव माझ्या मालकीचा नाही, आणि उद्या ती ज्याच्या हाती जाईल त्याचे हातही माझे नाहीत.

माझ्या मते लपविण्याचे दोन प्रकार आहेत: डोळ्यांआड करणे आणि ज्ञानाआड करणे. आपण घरातील पाण्याचा नळ भिंतीतून नेतो, त्यात कोणाची फसवणूक नाही. तो शोभेचा आणि मर्यादेचा भाग आहे. परंतु तो भिंतीत कोठून गेला आहे हे खिळा ठोकणाऱ्याला न सांगणे, हा अपराध आहे. वडिलांनी रेडिओ दडविला तो बापाच्या मनाला लागू नये म्हणून, आणि थोडासा स्वतःच्या भीतीपोटी. त्यासाठी मी त्यांना दोष देणार नाही. पण त्या गाडीत रोज बसणाऱ्या आजोबांना आपल्या गुडघ्यांसमोर काय लोंबते आहे हे कळण्याचा हक्क होता. वडिलांनी त्यांच्यापासून केवळ एक गाणे दडविले नाही. सावध होण्याची संधीही दडविली. हेतू प्रेमाचा होता, तरी तारेला हेतू कळत नाही.

म्हणून मी स्वतःला तीन बंधने घालून घेतली. पहिले, मूळ वस्तूला छिद्र वा छेद करावयाचा नाही. जे बसविले ते चार स्क्रू काढून पूर्ववत् करता यावे, कारण पुढच्या पिढीचा निर्णय आज मीच करून टाकण्याचा मला अधिकार नाही. दुसरे, जुन्या अंगाला झेपेल तेवढाच भार. आमचा डायनामो जेमतेम वीस-बावीस अँपिअर देतो, आणि रात्री दिव्यांनाच त्यांतले बरेच लागतात. तेव्हा रेडिओ लहान, आणि त्याच्या तारेला बॅटरीच्या बाजूलाच स्वतंत्र, लहान फ्यूज. तिसरे, आणि सर्वांत महत्त्वाचे: ज्याला कळावयास हवे त्याने विचारण्याची वाट न पाहता त्याला कळले पाहिजे.

काम पुरे झाले त्या दिवशी मेस्तांनी जुनी तार काढून माझ्या हातावर ठेवली. मी कागद मागवून घेतला. त्यावर नव्या तारांची आकृती, रंग, फ्यूजची जागा आणि तारीख लिहिली. खाली मेस्तांनी आणि मी सही केली. तो कागद आता कप्प्यात गाडीच्या कागदपत्रांसोबत आहे. त्याच्या तळाशी आणखी एक ओळ आहे: 'येथे पूर्वी माझ्या वडिलांनी बसविलेल्या रेडिओची तार होती, ती आज काढली.' ती लिहिताना हात जरा अडखळला. वडिलांचे गुपित आपण उघडे करीत आहो, असे वाटले. पण मातोश्रींनी ती ओळ वाचली आणि म्हणाल्या, "बरे केलेस. त्यांचेही ओझे उतरले."

पुढच्या सोमवारी आम्ही देवळाकडे निघालो. जाताना गाडीत स्तोत्र होते. आजोबांचा दंडक आम्ही मोडला नाही. परतताना डॅशबोर्डामागून गाणे ऐकू येत होते.