घेतलेले पुस्तक आणि दिलेला शब्द



पैसा साठवणे, जमिनीला जमीन जोडणे, कपाटात साड्यांची थप्पी लावणे, यांविषयी धर्मगुरूने चार शब्द सुनवावेत, अशी सर्वांची अपेक्षाच असते. पुस्तके साठवण्याविषयी मात्र कोणी बोलत नाही. उलट, घरात पुस्तके दिसली की आपण त्या घराचे कौतुक करतो. पुस्तक विकत घेणे हे पुण्यच आहे, मग त्यात अतिरेक कसा होईल, अशी आपली समजूत असते. म्हणून आज एक साधा प्रश्न विचारू या. आधीची पुस्तके वाचून झालेली नसताना नवी घेत राहणे योग्य आहे का? जे पुस्तक आपण घेतले पण वाचले नाही, त्याचे आपण काही देणे लागतो का?

कोणी म्हणेल, "फादर, हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या लोकांचा. आमच्या महागाव तालुक्यात कोणाच्या घरी एवढी पुस्तके आहेत?" हे म्हणणे खरे आहे. आमच्याकडे कापूस, सोयाबीन आणि तूर यांतून वर्षाचा खर्च भागवायचा, त्यात पुस्तकाला किती उरणार? पण घरभेटीला गेल्यावर आम्हाला जवळजवळ प्रत्येक घरात एक फळी दिसते. तिच्यावर लग्नात भेट मिळालेले बायबल असते, कुठल्याशा रौप्यमहोत्सवाची स्मरणिका असते, प्रार्थनेची दोन-तीन पुस्तके असतात. मुलांच्या खोलीत स्पर्धा परीक्षेच्या मार्गदर्शकांचा ढीग असतो. नागपूरला दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनी जाणारे आमचे शेजारी येताना पिशवीभर पुस्तके आणतात. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा आमच्या भागातलेही कितीतरी जण ग्रंथप्रदर्शनातून काही ना काही घेऊन आले. आता तर मोबाईलवर बोट ठेवले की चार दिवसांत पुस्तक दारात येते. प्रश्न फळीच्या लांबीचा नाही. फळीवर तीन पुस्तके असोत की तीन हजार, न वाचलेल्या पुस्तकाचा प्रश्न तोच राहतो.

आधी त्या स्पर्धा परीक्षेच्या ढिगाकडे पाहू, कारण तिथे हा प्रश्न मुलांच्या भवितव्याशी बांधलेला आहे. महागाव, पुसद, उमरखेडकडची मुले तलाठी, पोलीस भरती, राज्यसेवा यांची तयारी करतात. घरचे लोक कापूस विकून त्यांना पैसे देतात. मित्राने नवे पुस्तक घेतले की याला वाटते, आपल्याकडचे अपुरे आहे. आठवड्याने तेही टेबलावर येते. पण पास झालेल्या मुलांना विचारा, बहुतेक जण एकच गोष्ट सांगतात: एका विषयाला एकच पुस्तक धरा आणि ते पाच वेळा वाचा. पाच पुस्तके एकेकदा चाळली तर परीक्षेच्या दिवशी डोक्यात काहीच ठरत नाही. हे सगळ्यांना माहीत असते, तरीही नवे पुस्तक घेतले जाते. असे का होते?

तेराव्या शतकातले तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस यांनी याचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे. जाणून घेण्याच्या इच्छेलाही शिस्त लागते, असे ते म्हणतात, आणि त्या शिस्तीला ते एक सद्गुण मानतात. माणसाच्या दोन बाजू त्याला दोन दिशांना ओढतात. मनाला सगळे जाणून घ्यायची हाव असते, तिला लगाम घालावा लागतो. शरीराला मात्र अभ्यासाचे कष्ट नको असतात, त्याला टोचणी द्यावी लागते. आता पुस्तक विकत घेण्याच्या क्षणाकडे या नजरेने पाहा. त्या क्षणी मनाची हाव भागते आणि शरीराचे कष्ट टळतात. पैसे दिले की वाटते, निम्मे काम झाले. खरे तर काम अजून सुरूच झालेले नसते. म्हणूनच विकत घेणे इतके गोड लागते आणि तिसाव्या पानाला झोप येते.

आपण दुकानात नेमके काय विकत घेतो? कागद आणि शाई तर घेतोच, पण त्याबरोबर स्वतःविषयीची एक आशाही घेतो. रोज पहाटे उठून वाचणारा, इंग्रजी सुधारलेला, पवित्र शास्त्र जाणणारा असा उद्याचा मी. त्या माणसासाठी आपण पुस्तक घेतो. हे वाईट नाही. आशा हा ख्रिस्ती सद्गुणच आहे. पण आशेने दिलेला शब्द आजच्या माणसाला पाळावा लागतो. फळीवरचे प्रत्येक न वाचलेले पुस्तक म्हणजे आपण स्वतःला दिलेला एक शब्द आहे. पहिला शब्द पाळायच्या आत दुसरा, तिसरा, दहावा शब्द देत गेलो, की हळूहळू आपल्याच शब्दावरचा आपला विश्वास उडतो. आमच्या मते खरे नुकसान हे आहे. वाया गेलेल्या दोन-चारशे रुपयांपेक्षा ते मोठे आहे.

असिसीकर संत फ्रान्सिस यांच्याविषयी एक प्रसंग सांगतात. एका नवशिक्या बंधूला स्वतःचे स्तोत्रांचे पुस्तक हवे होते. फ्रान्सिस त्याला म्हणाले, आज स्तोत्रांचे पुस्तक मिळाले की उद्या तुला प्रार्थनेचा मोठा ग्रंथ हवासा वाटेल, आणि मग तू मोठ्या अधिकाऱ्यासारखा खुर्चीत बसून दुसऱ्या बंधूला हुकूम सोडशील, माझा ग्रंथ आणून दे. संतांचा राग पुस्तकावर नव्हता. पुस्तकामागून येणाऱ्या त्या खुर्चीची त्यांना भीती वाटत होती.

आता दुसरी बाजू ऐकली पाहिजे, कारण ती हलकी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी विद्यार्थीदशेत पोटाला चिमटा काढून न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये पुस्तके घेतली. मुंबईत हिंदू कॉलनीत त्यांनी राजगृह बांधले तेच मुळी ग्रंथांना जागा व्हावी म्हणून. त्यांना कोणी सांगितले असते की आधीची संपवा आणि मग नवी घ्या, तर देशाचे किती नुकसान झाले असते! संदर्भासाठी घेतलेले पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचे नसतेच. शिवाय मराठी पुस्तकाची आवृत्ती हजारभर प्रतींची, कधी त्याहूनही लहान असते. आपण घेतलेच नाही तर लेखकाने लिहावे कशासाठी आणि प्रकाशकाने छापावे कोणाच्या भरवशावर?

हे सगळे मान्य करून आम्ही एवढेच म्हणतो की बाबासाहेबांच्या घरात पुस्तकाला काम होते. रात्र रात्र जागून त्यांनी ते करून घेतले. ते वाचन पुढे खटल्यांत, ग्रंथांत आणि संविधान सभेत लोकांच्या उपयोगी पडले. त्यांच्या संग्रहातली अनेक पुस्तके नंतर सिद्धार्थ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात विद्यार्थ्यांपर्यंत पोचली. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यांतला पहिलाच नियम पुस्तक वापरासाठी असते हा आहे. मोजायचे ते हेच. प्रकाशकाला जगवणे हे आपले कर्तव्य खरेच, पण न वाचता फळीवर ठेवलेल्या प्रतीने प्रकाशक एकदाच जगतो. पुस्तक वाचून चार जणांना त्याविषयी सांगणारा वाचक त्याला आणखी चार वाचक मिळवून देतो.

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेत याचा फार मोठा दाखला आहे. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. त्याच शतकात १६४९ आणि १६५४ मध्ये तो पुन्हा छापला गेला. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध असल्याचे ज्ञात नाही. मग ग्रंथ आपल्यापर्यंत आला कसा? लोकांनी तो हाताने उतरवून घेतला, देवळात आणि घरात मोठ्याने वाचला, पुढच्या पिढीच्या हाती दिला. १९०७ मध्ये मंगळूरला तो पुन्हा छापला गेला, तो अशाच हस्तलिखितांच्या आधारे. छापील प्रती गेल्या, वाचलेला ग्रंथ राहिला. त्या लोकांच्या घरी दुसरे पुस्तक बहुधा नव्हतेच. तरी त्यांना आपण अडाणी म्हणू धजणार नाही.

आमच्या भागातल्या शेतकऱ्याला हा विचार वेगळ्या रीतीने माहीत आहे. सोयाबीनचे बियाणे दरवर्षी नवे घ्यायची गरज नाही, घरचे वापरा, असे कृषी खाते सांगत असते. अट एकच, पेरणीआधी उगवण तपासा. ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवायचे आणि काही दिवसांनी कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणे चांगले. मग दुकानाची पायरी चढायचे कारण नाही. घरच्या पुस्तकांचीही अशीच उगवण तपासता येईल. फळीवरची सगळी पुस्तके खाली काढा. प्रत्येकाची दहा पाने वाचा. कोंब फुटला, पुढे वाचावेसे वाटले, ते एका बाजूला ठेवा. नाही फुटला, ते दुसऱ्या बाजूला.

दुसऱ्या बाजूच्या पुस्तकांचे काय करायचे? चौथ्या शतकातले महागुरू संत बाझील श्रीमंतांना विचारत, तुझ्या कोठीत पडून असलेली भाकर कोणाची? भुकेल्याची. पेटीत ठेवलेला अंगरखा कोणाचा? उघड्याचा. हाच प्रश्न फळीलाही लागू पडतो. तुम्हाला नको असलेले गणिताचे मार्गदर्शक शेजारच्या वाडीतल्या मुलीला हवे असेल. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्यानंतर गावोगावी अनुदानावर सार्वजनिक वाचनालये उभी राहिली. त्यांना पुस्तके आणि त्याहून जास्त वाचक हवे आहेत. पुस्तक देऊन टाकणे म्हणजे दिलेला शब्द मोडणे नव्हे. तो शब्द पाळू शकेल अशा माणसाच्या हाती सोपवणे आहे.

पहिल्या बाजूच्या पुस्तकांसाठी आपल्याकडे एक जुना नियम आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी नियमावली लिहिली. उपवासकाळाच्या आरंभी प्रत्येकाला मठाच्या ग्रंथालयातून एक पुस्तक द्यावे आणि त्याने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ओळीने वाचावे, असे तिच्यात सांगितले आहे. वाचनाच्या वेळी कोणी गप्पा मारत बसला आहे का, हे पाहायला एक-दोन वडीलधारे मठातून फेरीही मारत. म्हणजे झोप आणि गप्पा तेव्हाही होत्या! आपण चार गोष्टी कराव्यात, असे आम्ही सुचवतो. एक, घरातले एकच पुस्तक निवडा आणि ते संपेपर्यंत दुसरे विकत घेऊ नका. दोन, नवे पुस्तक आवडलेच तर त्याचे नाव वहीत लिहून ठेवा आणि महिनाभर थांबा. महिन्यानंतरही हवेसे वाटले तर जरूर घ्या. तीन, रोज संध्याकाळी घरात कोणीतरी दोन पाने मोठ्याने वाचा, म्हणजे डोळे अधू झालेल्या आजीलाही ऐकता येईल. चार, पुस्तक वाचून झाले की त्याविषयी एका माणसाशी बोला. निवड सुचत नसेल, तर लग्नातले बायबल खाली काढा. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी अनेक वर्षांच्या परिश्रमाने सुबोध बायबल सिद्ध केले, ते २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांनी ते तेव्हा हौसेने घेतले, त्यांना तर नव्या खरेदीची घाईच नाही.

शेवटी संत पौलाचे पाहा. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या चौथ्या अध्यायात तो तुरुंगात आहे. बहुतेक सोबती निघून गेले आहेत, मरण जवळ आल्याचे त्याला कळले आहे. अशा वेळी तो काय मागतो? त्रोवस येथे कार्पाच्या घरी राहिलेला आपला अंगरखा, आणि आपली पुस्तके, विशेषतः चर्मपत्रे. हिवाळ्याच्या आधी ये, असेही तो कळवतो. थंडीसाठी अंगरखा आणि उरलेल्या दिवसांसाठी पुस्तके, तीही नवी नव्हेत, स्वतःचीच, मागे राहिलेली. आयुष्याचे थोडेच दिवस उरले असताना आपल्याकडे कोणती पुस्तके असावीत, हे त्याला पक्के ठाऊक होते, कारण ती त्याने वाचलेली होती.

आज घरी गेल्यावर जेवणापूर्वी फळीवरची धूळ झटका. पुढच्या रविवारी मिस्सानंतर देवळाच्या पायरीवर भेटू, तेव्हा कोणते पुस्तक निवडले ते आम्हाला सांगा. आणि जे द्यायचे ठरवले असेल, ते सोबत घेऊन या.

प्रभूमध्ये आपले,
धर्मगुरू