घराण्याचा आजार आणि आपले मौन



गेल्या हिवाळ्यात इशाच्या नमाजनंतर एक गृहस्थ मशिदीत थांबले. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणाऱ्या या बांधवाला धाकटा भाऊ किडनी द्यावयास राजी झाला होता. परंतु दात्याच्या तपासणीत त्या भावाच्याही दोन्ही मूत्रपिंडांत पाण्याच्या गाठी आढळल्या. तेव्हा वृद्ध फुफूंनी रडत सांगितले की, मरहूम वडिलांना आणि चुलत्यांनाही हेच होते. मुलींचे रिश्ते मोडू नयेत म्हणून सर्वांनी मौन पाळले होते.

या आजारास पॉलिसिस्टिक किडनी डिसीज म्हणतात. त्याच्या नेहमी आढळणाऱ्या प्रकारात आई किंवा वडील यांपैकी एक जण आजारी असेल, तर प्रत्येक अपत्यास, मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. सुनेच्या पायगुणाला वा कोणाच्या नजरेला दोष देण्यास येथे जागाच नाही. गाठी वर्षानुवर्षे हळूहळू वाढतात. पुष्कळांना तिशी-चाळिशीपर्यंत काहीच जाणवत नाही. वाढलेला रक्तदाब ही अनेकदा पहिली खूण असते. आजार मुळासकट घालविणारे औषध आज नाही. तथापि रक्तदाब काबूत ठेवला, मीठ कमी केले (लोणच्याशिवाय घास न उतरणाऱ्यांत मीही आहे), मनानेच वेदनाशामक गोळ्या घेणे सोडले, तर किडनी अधिक वर्षे साथ देऊ शकते. परंतु त्यासाठी वेळेवर कळावयास हवे, आणि ते बहुधा साध्या सोनोग्राफीने कळते. आदरणीय प्रेषित (स.) यांनी औषधोपचार करण्याची शिकवण दिली आहे. तपासणी टाळून तिला तवक्कुल म्हणणे ही आपण स्वतःची केलेली फसवणूक आहे.

मग रिश्त्याचे काय? सहीह मुस्लिममधील हजरत फातिमा बिन्ते कैस (रजि.) यांचा प्रसंग आठवा. त्यांना दोन स्थळे आली असता प्रेषितांनी (स.) एकाची गरिबी व दुसऱ्याचा कठोरपणा स्पष्ट सांगितला आणि तिसरे स्थळ सुचविले. विवाहाच्या सल्ल्यात असे खरे सांगणे गीबत नव्हे, असे उलमांनी यावरूनच म्हटले आहे. हा आजार निकाहला अडसर नाही. लपवालपवी मात्र पुढे दोन्ही घरांना भोवते. आणि ज्यांना विश्वासाने सांगितले गेले, त्यांनी ते वलीम्याच्या पंगतीत वाटू नये. तीही अमानत आहे.

रमजानात डॉक्टरांनी रोजा नको म्हटले, तर रुग्णाने हट्ट करू नये. सूरह बकरामध्ये आजाऱ्याला सवलत आहे. जकातीस पात्र असलेल्या रुग्णाचा डायलिसिसचा खर्च जकातीतून देता येतो. राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाखाली 2016 पासून अनेक जिल्हा रुग्णालयांत गरिबांना ही सेवा मोफत मिळते. मोहल्ल्यातील एखाद्या तरुणाने कागदपत्रांसाठी सोबत जावे. रुग्णाला पैशांइतकीच सोबतही लागते.

त्या फुफूंनी नातवाच्या वहीच्या एका पानावर घराण्यातील सर्वांची नावे लिहून घेतली. ते पान आता डॉक्टरांच्या फाइलमध्ये आहे. सर्वांत खाली सासरी नांदणाऱ्या दोन बहिणींची नावे आहेत. त्यांना अजून कोणी काही सांगितलेले नाही. येत्या जुम्यानंतर मी त्यांच्या भावासोबत तिकडे जाणार आहे. आपण दुआ करावी.