हालचाल आणि हालहवाल



गच्चीवरची टाकी भरली की मोटार बंद करायला धावण्याचे काम आता पुष्कळ घरांत उरलेले नाही. टाकीच्या झाकणाखाली बसवलेला सेन्सर ध्वनिलहरी खाली सोडतो, त्या पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला ह्यावरून पाणी किती वर आले ते मोजतो. पुढे यंत्रणा मोटार बंद करते. काही मुलेमुली अशी उपकरणे घरीच जोडतात. २००५ साली इटलीतील इव्रेया येथे विद्यार्थ्यांसाठी तयार झालेल्या ‘आर्डुइनो’ ह्या छोट्या बोर्डाने हा छंद जगभर पसरवला.

आम्हांला ह्या छंदाचे कौतुक वाटते. नाझरेथची माणसे प्रभू येशूला सुतार म्हणून ओळखत होती (मार्क ६:३). पाणी वाया जात नाही, आईची जिन्यावरची धावपळ वाचते, हे चांगलेच काम आहे.

परंतु हेच तंत्र टाकीवरून माणसाकडे वळते, तेव्हा नैतिक प्रश्न उभा राहतो. मुलगा नोकरीसाठी परदेशी, घरी वृद्ध आई एकटी. तो तिच्या खोलीत हालचाल टिपणारा सेन्सर बसवून जातो. रात्री आई उठली की दिवा लागतो. सकाळी बराच वेळ हालचाल झाली नाही, तर त्याच्या मोबाइलवर संदेश जातो. हेतू प्रेमाचाच आहे. पण ह्या सेन्सरला कळते काय? उष्ण शरीर जागचे हलले की होणारा बदल, तेवढाच. आई खुर्चीत शांत बसून रोझरी करीत असेल, तर त्याच्या लेखी खोलीत कोणीच नाही. थोड्या वेळाने दिवा मालवतो. उलट, ती बेचैन होऊन येरझारा घालत असेल, तर त्याच्या हिशेबी सर्व ठीक!

संत थॉमस अक्विनास ह्यांनी कौशल्य आणि विवेक ह्यांत फरक केला आहे. कौशल्य म्हणजे वस्तू नीट घडवण्याची बुद्धी; विवेक म्हणजे माणूस म्हणून नीट वागण्याची बुद्धी. सुताराचे मन वाईट असले तरी खुर्ची चांगली होऊ शकते. विवेकाला मात्र मनही चांगले लागते. सेन्सर बरोबर जोडला का, हे कौशल्य सांगेल. तो आईच्या खोलीत बसवावा का, आणि तिला आधी विचारले का, हे विवेकालाच विचारावे लागते. देवाची चौथी आज्ञा आईबापांचा मान राखायला सांगते. नजर ठेवणे म्हणजे मान राखणे नव्हे.

कोणी म्हणेल, “फादर, मी हजारो मैल दूर. आई पडली तर मला कळणार कसे?” हे खरे आहे. म्हणून उपकरण काढून टाका, असे आम्ही म्हणत नाही. फक्त ते बसवण्यापूर्वी आईची संमती घ्यावी, आणि ते बंद करण्याची कळ तिच्याही हाताशी असावी. छंद असलेल्या तरुणांनी तिच्या उशाशी शेजाऱ्यांकडे घंटा वाजवणारे एक मोठे बटण बसवून द्यावे. मग तिच्यावर कोणी पाळत ठेवत नाही. ती स्वतः हाक मारते.

खरा धोका निराळाच आहे. मोबाइलवर ‘हालचाल आहे’ असे दिसले, की फोन करायचे राहून जाते. यंत्र हालचाल कळवते. हालहवाल मात्र माणसालाच विचारावी लागते. मार्थेच्या घरी मरिया प्रभूच्या चरणांशी नुसती बसून ऐकत होती, आणि तिने उत्तम भाग निवडला असे प्रभू म्हणाला (लूक १०:३८-४२). यंत्राने वाचवलेला वेळ अशा बसण्यासाठी आहे.

आज मिस्सानंतर घरी जाताना आपल्या आळीत एकट्या राहणाऱ्या वडीलधाऱ्यांचे दार ठोठावू या. जे दूर आहेत, त्यांनी आज आईला फोन करावा आणि ती काय म्हणते ते शेवटपर्यंत ऐकावे.

प्रभू आपल्या घरांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू